औद्योगिक नियंत्रण पॅनेलमधील अतिप्रवाह संरक्षण

औद्योगिक नियंत्रण पॅनेलमधील अतिप्रवाह संरक्षण म्हणजे पॅनेलमधून निघणाऱ्या विद्युत मंडलात मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागल्यास तार किंवा यंत्र जळण्यापूर्वी तो खंडित करण्याची योजना होय. त्यासाठी फ्यूज (वितळतार), एमसीबी, एमसीसीबी, मोटर संरक्षक ब्रेकर आणि ओव्हरलोड रिले ही साधने वापरली जातात. साधनाची निवड केवळ भाराच्या अँपिअरवरून करता येत नाही. तारेची जाडी व लांबी, भाराचा स्वभाव, त्या जागी उद्भवू शकणारा दोषप्रवाह आणि पॅनेलभोवतीची हवा यांचाही विचार करावा लागतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात या सर्व बाबी एकत्र येतात. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींत रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने आहेत, तर उल्हासनगरात शिवणकामाचे व इतर लघुउद्योगांचे गाळे दाटीने वसले आहेत.

अतिभार आणि शॉर्ट सर्किट

अतिप्रवाहाचे दोन प्रकार होतात. अतिभारात प्रवाह मर्यादेच्या थोडा वर राहतो आणि तारेचे निरोधक आवरण हळूहळू तापते. शॉर्ट सर्किटमध्ये तो क्षणात शेकडो किंवा हजारो अँपिअरपर्यंत चढतो. एमसीबीमध्ये पहिल्यासाठी द्विधातू पट्टी व दुसऱ्यासाठी विद्युतचुंबक असतो. चुंबकीय भाग किती पटीला तत्काळ सुटतो यावरून एमसीबीचे बी (३ ते ५ पट), सी (५ ते १० पट) आणि डी (१० ते २० पट) असे वर्ग पडतात. साधनाचे मानांकन भाराच्या प्रवाहापेक्षा कमी नसावे आणि तारेच्या वहनक्षमतेपेक्षा अधिक नसावे, हा मूळ नियम. एमसीबी वारंवार पडतो म्हणून तार तीच ठेवून मोठ्या मानांकनाचा बसवणे, किंवा किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळणे, हे संरक्षण काढून टाकण्यासारखेच आहे. त्यानंतर त्या मंडलातील सर्वांत दुबळा भाग भिंतीतील तार हाच उरतो.

दोषप्रवाह

५०० केव्हीए क्षमतेच्या, ४३३ व्होल्ट दुय्यम दाबाच्या रोहित्राचा पूर्णभार प्रवाह सुमारे ६६७ अँपिअर असतो. त्याची प्रतिबाधा ४.५ टक्के धरल्यास त्याच्या अग्रांवरील दोषप्रवाह सुमारे १४.८ किलोअँपिअर येतो. अशा रोहित्रालगतच्या पॅनेलमध्ये १० किलोअँपिअर छेदनक्षमतेचा एमसीबी एकटा पुरत नाही. दोष तोडताना तोच फुटू शकतो. तेथे अधिक क्षमतेचा एमसीसीबी, किंवा एमसीबीच्या आधी एचआरसी फ्यूज लागतो. मात्र फ्यूज व ब्रेकरची अशी जोडी उत्पादकाने चाचणी घेऊन दिलेल्या तक्त्यातूनच निवडावी, अंदाजाने नव्हे.

दूरच्या टोकाला प्रश्न नेमका उलटा असतो, आणि तो सहज नजरेतून सुटतो. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार ६० मीटर नेल्यास जाण्या-येण्याचा रोध सुमारे १.४५ ओहम होतो. त्या टोकाला फेज व न्यूट्रल चिकटल्यास २३० व्होल्टला जेमतेम १५८ अँपिअर वाहतात, तार तापलेली असल्यास त्याहूनही कमी. १६ अँपिअरचा सी वर्गाचा एमसीबी तत्काळ सुटण्याची हमी १६० अँपिअरला मिळते. बी वर्गाला ८० अँपिअर पुरतात. एका मुख्य पॅनेलवरून अनेक गाळ्यांना लांबवर तारा नेल्या जातात तेथे हे गणित करणे आवश्यक ठरते.

मोटरची मंडले

७.५ किलोवॅटची त्रिफेज मोटर ४१५ व्होल्टला सुमारे १४ ते १५ अँपिअर घेते. थेट सुरू करताना त्याच्या सहा-सात पट. १६ अँपिअरचा सी वर्गाचा एमसीबी या उसळीला पडू शकतो. म्हणून मोटरचा अतिभार रिलेवर आणि शॉर्ट सर्किट फ्यूज किंवा ब्रेकरवर सोपवतात. ओव्हरलोड रिले नामपट्टीवरील प्रवाहाला लावला जातो. स्टार-डेल्टा जोडणीत तो मोटरच्या फेज मंडलात असल्यास ०.५८ पट. तारेचेही अतिभारापासून रक्षण रिलेच करतो, त्यामुळे येथे मोठ्या मानांकनाचा फ्यूज वापरणे चूक नसते. शॉर्ट सर्किटनंतर कॉन्टॅक्टर व रिले पुन्हा वापरण्याजोगे राहावेत असे हवे असल्यास ‘टाइप २’ समन्वय निवडतात; ‘टाइप १’ मध्ये ते बदलावे लागू शकतात.

२४ व्होल्टची नियंत्रण मंडले

पीएलसी व सेन्सरांना वीज देणारे एसएमपीएस दोषाच्या वेळी आपला प्रवाह स्वतःच मर्यादित करतात. ५ अँपिअरच्या एसएमपीएसनंतर ४ अँपिअरचा सी वर्गाचा एमसीबी लावल्यास त्याला तत्काळ सुटण्यास लागणारा २० ते ४० अँपिअर प्रवाह (डीसीवर याहून अधिक) मिळतच नाही. दोष एका सेन्सरच्या तारेत असला तरी दाब कोसळतो आणि सर्व पीएलसी बंद पडते. अशा ठिकाणी प्रत्येक शाखेला इलेक्ट्रॉनिक ब्रेकर अधिक उपयुक्त ठरतो.

हवामान आणि पूर

आयईसी ६०८९८ प्रमाणकानुसार एमसीबीचे मानांकन ३० अंश सेल्सिअसला दिलेले असते. एप्रिल-मेमध्ये या पट्ट्यात बाहेरचेच तापमान ४० अंशांवर जाते. बंद पॅनेलच्या आत ते याहून चढते. खेटून बसवलेले एमसीबी एकमेकांना तापवतात. परिणामी पूर्ण भार नसतानाही ते दुपारी पडतात. यावर उपाय मोठा एमसीबी नसून, उत्पादकाच्या तक्त्यानुसार घट धरणे व पॅनेलला वायुवीजन देणे हा आहे. रासायनिक कारखान्यांत मात्र बाहेरची हवा आत घेणारा पंखा आम्लयुक्त वाफाही आत आणतो आणि जोडणीची टोके गंजतात. तेथे बंद आवरण आणि पॅनेलचे शीतलन यंत्र किंवा वेगळी विद्युत खोली हाच पर्याय राहतो.

२६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ च्या पुरांत उल्हास नदीचे पाणी बदलापूर परिसरात पसरले होते. पाण्यात बुडालेले एमसीबी, एमसीसीबी व फ्यूज सुकवून पुन्हा वापरू नयेत. बाहेरून नीट दिसणाऱ्या ब्रेकरच्या आतील यंत्रणेत गाळ राहतो, वंगण धुऊन जाते आणि स्प्रिंगा गंजतात. खटका हाताने वर-खाली होतो, पण दोषाच्या वेळी तो सुटेलच असे नाही. बसबार व आवरणे स्वच्छ करून, वाळवून आणि मेगरने निरोध तपासून पुन्हा वापरता येतात.