नुसताच 'ड्रॉ'?

रविवारी पोरांना बुद्धिबळाच्या टूर्नामेंटला पोहोचवायचं आणि शाळेच्या कॅफेटेरियात थर्मासमधला चहा पीत बसायचं, हा कार्यक्रम आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचा आहे. मुलगा बाहेर आला की आम्ही विचारतो, "जिंकलास की हरलास?" तो म्हणतो, "ड्रॉ." की आमचा चेहरा उतरलाच. अर्धाच गुण! अशा वेळी आम्हाला १९६२ सालचा एक डाव आठवतो.

त्या वर्षी बल्गेरियातल्या वार्ना शहरात बुद्धिबळाचं ऑलिंपियाड भरलं होतं. सोव्हिएत संघ विरुद्ध अमेरिका या सामन्यात समोरासमोर बसले होते ५१ वर्षांचे जगज्जेते मिखाईल बोटविनिक आणि इथल्या ब्रुकलिनमध्ये वाढलेला १९ वर्षांचा बॉबी फिशर. पांढरी मोहरी बोटविनिक यांच्याकडे. सुरुवातीच्या खेळ्या त्यांनी घरी नीट तपासून आणलेल्या. पण सतराव्या खेळीला फिशरने वजिराने एक प्यादं मारलं आणि सगळी तयारी कोलमडली. ही खेळी त्यांच्या ध्यानातच आली नव्हती! एवढा कसलेला माणूस, पण पुढे नुसता तग धरून राहिला.

त्या काळी लांबलेला डाव तहकूब करून नंतर पुढे खेळत. फिशर जिंकणार अशीच लक्षणं होती. सोव्हिएत खेळाडू रात्री पट मांडून बसले. त्यांच्यातल्या गेलर यांना हत्तींच्या शेवटात बचावाची वाट दिसली. अखेर ६८व्या खेळीला डाव बरोबरीत सुटला.

पण संपला कुठे? १९६९ साली निघालेल्या आपल्या निवडक ६० डावांच्या पुस्तकात फिशरने हा डाव घेतला आणि आपण कसे जिंकलो असतो ते दाखवलं. बोटविनिक बरोबरीवर ठाम. पुढे त्यांच्याच बुद्धिबळ शाळेतल्या १३ वर्षांच्या पोराने बचावाची नवी युक्ती शोधून काढली. त्या पोराचं नाव गॅरी कास्पारोव्ह!

फिशर आणि बोटविनिक यांची पटावर पुन्हा कधी गाठ पडली नाही. दोघांमधला हिशेब अर्ध्या-अर्ध्या गुणावरच राहिला, पण त्या अर्ध्या गुणाने किती जणांना कामाला लावलं!

तेव्हा पुढच्या रविवारी पोरगा "ड्रॉ" म्हणाला, तर तोंड वाकडं करू नये म्हणतो. घरी आल्यावर पट मांडावा आणि म्हणावं, "दाखव बघू, कसा वाचलास ते!"