‘कमला’ आणि एक फोटो

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दिघीपासून श्रीवर्धनपर्यंत पत्रे उडाले, कौलं फुटली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मुंबईची एक संस्था पत्रे द्यायला तयार होती; पण आधी फोटो पाठवा म्हणाली. मी मोबाईल घेऊन निघाले. मासे विकणाऱ्या एका मावशींचं अर्धं छप्पर गेलेलं. त्या म्हणाल्या, “वहिनी, जरा थांबा, लुगडं बदलून येते.”

“नको मावशी, असंच राहू दे,” मी म्हटलं.

फोटो ‘चांगला’ आला. पत्रेही आले.

पुढे भिजलेली पुस्तकं उन्हात वाळवताना विजय तेंडुलकरांचं ‘कमला’ हाती लागलं. बी.ए.ला असताना वाचलेलं नाटक पुन्हा वाचायला घेतलं आणि घशात काहीतरी अडकलं.

मैत्रिणींनो, शबाना आझमी आणि दीप्ती नवल यांचा ‘कमला’ सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी बायकांचा बाजार उघडा पाडायला खरोखरच एक बाई विकत घेतली होती. त्यावरून हे नाटक सुचलेलं. नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव कमलाला २५० रुपयांना विकत घेऊन दिल्लीला घरी आणतो. पत्रकार परिषदेत ती फाटक्या कपड्यांतच दिसायला हवी, म्हणून बायकोला, सरिताला, तिला धड साडीही देऊ देत नाही. परिषदेत लोक तिला नको ते प्रश्न विचारून हसतात. काम झाल्यावर तिची रवानगी महिलाश्रमात!

पण तेंडुलकरांनी जयसिंगला खलनायक केलेलं नाही, हे मला फार पटतं. तो धाडसी आहे, बाजार उघडा पडायलाच हवा हे त्याचं म्हणणं खरं आहे. माझं तरी काय खोटं होतं? फोटोशिवाय पत्रे आले नसते, पावसाळा तर तोंडावर होता. नुसत्या कळवळ्याने छप्पर शाकारत नाही. चुकलं ते एवढंच, की माणूस समोर उभं असताना दिसली फक्त बातमी. आणि मला फक्त फोटो. गंमत पाहा, वरून दबाव येताच वर्तमानपत्राचा मालक सिंघानिया त्याच कोरड्या हिशोबाने जयसिंगलाही नोकरीवरून काढून टाकतो.

यात सगळ्यात भाबडी कमलाच. ती सरिताला सरळ विचारते, साहेबांनी तुम्हाला कितीला घेतलं? वर दोघींनी मिळून राहू, कामं वाटून घेऊ, असंही सुचवते. सुशिक्षित, इंग्रजी बोलणाऱ्या सरिताला आपलं या घरातलं स्थान तेव्हा कळतं. तरीही नवऱ्याची नोकरी जाते तेव्हा ती त्याला सोडून जात नाही. (आमच्या बचत गटात ही गोष्ट सांगितली, तर यावरच तासभर वाद झाला. निम्म्या जणी म्हणाल्या, जायला हवं होतं. उरलेल्यांनी विचारलं, कुठे?)

त्यानंतर एकदा मी मावशींकडे गेले. त्यांना मोबाईलवर तो फोटो दाखवला आणि चुकलं म्हणाले. त्यांनी हात पुसून मोबाईल घेतला, बराच वेळ पाहिलं.

“केस तरी विंचरू द्यायचे होतेत,” म्हणाल्या. मग वर बोट दाखवून, “ते दोन पत्रे गळतात. त्यांचं बघा आधी.”