पाण्याखालचे घर्षण



संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे प्रेम आणि ‘स्नेह’ म्हणजे तेलही. विज्ञानशिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानास मराठीचा अध्यापक उभा राहिला, तर त्याने शब्दाचे बोट धरूनच पदार्थविज्ञानात शिरावे, हे बरे. माझा विषय मात्र तेलाचा नाही, द्रवात बुडालेल्या पृष्ठभागांचा आहे. त्यांचे घर्षण अणूंच्या मापाने कसे मोजतात आणि त्या मापावर कितपत विसंबावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपण शाळेत घोकलेले घर्षणाचे नियम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली मांडले. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते; संपर्काच्या दिसत्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते. ‘दिसत्या’ या विशेषणातच सारी गोम आहे. गुळगुळीत पत्राही सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांचा मुलूख असतो, आणि दोन पृष्ठभाग केवळ शिखरांपाशी एकमेकांस टेकतात. अशा एकाच शिखराचे घर्षण मोजण्याची सोय झाली ती बिनिग, क्वेट व गेर्बर यांनी १९८६ साली अणुबल सूक्ष्मदर्शक सिद्ध केल्यावर.

हा सूक्ष्मदर्शक पाहत नाही, चाचपतो. मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी लवचीक पट्टी, तिच्या टोकाखाली सुई. सुईच्या अग्राची त्रिज्या साधारण १० नॅनोमीटर. पट्टीच्या पाठीवरून परतलेला लेसरचा किरण चार भागांच्या प्रकाशग्राहकावर पडतो. पट्टी वरखाली वाकली की किरण वरखाली सरकतो. त्यावरून भार कळतो. सुई आडवी ओढताना घर्षणाने अडली की पट्टीला पीळ पडतो आणि किरण बाजूस सरकतो. सुई एकाच रेषेवरून नेतात व परत आणतात. जाताना पीळ एकीकडे, येताना दुसरीकडे; दोहोंतील फरकाचे अर्धे ते घर्षण. ही बले नॅनोन्यूटनची, आणि एक नॅनोन्यूटन म्हणजे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्शाचे वजन! १९८७ साली मेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटवर टंगस्टनची सुई ओढली, तेव्हा ती अणूंच्या रांगांच्या अंतराने अडखळत, निसटत गेली.

मग पाण्यात कशासाठी उतरायचे? हवेत पृष्ठभागांवर ओलाव्याचा पातळ थर असतो. सुई टेकताच तो तिच्याभोवती चढतो आणि तिला दहादहा नॅनोन्यूटनांच्या बलाने खाली खेचतो. आपण लावलेला भार शून्य असला, तरी घर्षण उरतेच. आषाढात एक आकडा आणि चैत्रात दुसरा, असा हा प्रकार. सुई व पृष्ठभाग दोन्ही बुडविले की हवा-पाण्याची सीमाच जवळपास राहत नाही. ती ओढ नाहीशी होते आणि नॅनोन्यूटनहून हलका भारही सांभाळता येतो.

एक पीडा टळली, दुसऱ्या आल्या. किरण आता हवा, काच आणि द्रव ओलांडताना वाकतो. हवेत ठरविलेले पिळाचे प्रमाण द्रवात जसेच्या तसे वापरले तर उत्तर चुकते. तापमान किंचित बदलले, तरी एका अंगास सोन्याचा मुलामा असलेली पट्टी आपोआप वाकते, कारण सोने व सिलिकॉन सारखे प्रसरण पावत नाहीत. ती स्थिरावेपर्यंत स्वस्थ बसून राहणे, हीच या प्रयोगातील खरी तपश्चर्या असे मला वाटते.

शिवाय पाणी तटस्थ नसते. सिलिका पाण्यात ऋणभारित होते; सुई व पृष्ठभाग दोन्ही सिलिकाचे असतील तर ते एकमेकांस दूर लोटतात, आणि हे लोटणे पाण्याच्या आम्लतेवर व क्षारांवर ठरते. पृष्ठभागालगत पाण्याचे रेणू सुमारे ०.३ नॅनोमीटर जाडीच्या थरांनी बसतात. सुईला ते बाजूस सारावे लागतात. एखादा न हटला तर तोच वंगण होतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पर्क्लोरिक आम्लातील सोन्याच्या पृष्ठभागाचे विजेच्या साह्याने ऑक्सिडीकरण केले, तेव्हा घर्षण वाढले. ऑक्सिजनचा तो थर काढताच ते पुन्हा उतरले. सुई तीच, सोने तेच, द्रवही तोच.

म्हणून द्रव कोणता, त्याची आम्लता किती, क्षार कोणते, हे न सांगता दिलेला घर्षणाचा आकडा मी अपुरा समजतो. गुडघ्यात बसवावयाच्या कृत्रिम सांध्याचा पदार्थ कोरड्या हवेत घासून पाहिला, तर सांध्यातील द्रवात तो कसा वागेल हे कळत नाही. त्या द्रवात मोजू म्हटले तर त्यातील प्रथिने सुईलाच चिकटतात, आणि थोड्या फेऱ्यांनंतर ओढली जाणारी सुई पहिली राहत नाही. यास्तव सुईचे अग्र प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर, असे दोनदा तपासावे लागते.