अब्दुल्ला ससून कोणत्या धर्माचा?

मुंबईत कुलाब्याला ससून डॉक आहे. भल्या पहाटे तिथे मासळी उतरते आणि कोळणींचा गलका सुरू होतो. १८७५ साली हा धक्का बांधणाऱ्या अल्बर्ट ससूनचे मूळ नाव अब्दुल्ला, जन्म बगदादचा. एका अभ्यास शिबिरात आम्ही हे सांगितले तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने लगेच विचारले, "म्हणजे सर, ससून मुसलमान होते काय?" नव्हते. ससून घराणे ज्यू. अब्दुल्लाचे वडील डेव्हिड ससून हे १८३० नंतरच्या काळात बगदादच्या पाशाच्या जाचातून निसटून इराणी किनाऱ्यामार्गे मुंबईला आले. भायखळ्याचे सिनेगॉग, पुण्याचे लाल देऊळ, ससून रुग्णालय, सारे याच घराण्याच्या देणग्यांतून उभे राहिले. (हा पैसा अफूच्या व्यापारातूनही आला होता. पण दात्यांच्या पाटीवर असले काही लिहीत नाहीत.) डेव्हिड ससून अखेरपर्यंत बगदादी पोशाख वापरीत आणि अरबी बोलत. त्यांच्या मागोमाग आलेल्या बगदादी ज्यूंसाठी मुंबईत वृत्तपत्र निघे, त्याची लिपी हिब्रू आणि भाषा अरबी असे.

ज्यू माणसाचे नाव अब्दुल्ला आणि त्याची मातृभाषा अरबी, हे ऐकून आपण दचकतो. का दचकतो? अरब म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे अरबस्तानचा, हे समीकरण इथल्या जातीयवाद्यांनी आणि त्यांच्या तालावर नाचणाऱ्या प्रसारमाध्यमांनी वर्षानुवर्षे आपल्याला पाजले आहे. आंबेडकरी चळवळीतला माणूस तरी ते न तपासता गिळणार नाही, अशी आमची समजूत होती. शिबिरातल्या त्या प्रश्नाने ती दूर झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

वस्तुस्थिती अशी, की जगात सर्वांत जास्त मुसलमान इंडोनेशियात आहेत आणि ते अरब नाहीत. इराणी अरब नाहीत, तुर्क अरब नाहीत. जगातील मुसलमानांत अरब साधारण पाचात एक भरतो. आता उलट बाजू पाहा. स्वतःला अरब म्हणवणाऱ्यांत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत, कॅथलिक आहेत, द्रूझ आहेत, अलवी आहेत. कालपरवापर्यंत लाखो ज्यूही अरबी बोलत होते. अरब ख्रिस्ती आपल्या चर्चमध्ये प्रार्थना करताना देवाला अल्लाच म्हणतो, त्याच्या बायबलमध्येही तोच शब्द आहे. जेरुसलेममध्ये येशूची कबर मानल्या जाणाऱ्या चर्चच्या दाराची किल्ली शतकानुशतके मुसलमान घराण्यांकडे आहे. खजूर भरलेले मामूल नावाचे गोड पदार्थ ईदलाही होतात आणि ईस्टरलाही. बाराव्या शतकातला थोर ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदिस याने आपला मुख्य ग्रंथ कैरोत बसून अरबीत लिहिला. भाषा एक, स्वयंपाकघर एक, गाणे एक, आणि देवळाचे दार तेवढे वेगळे, असा हा समाज.

आधुनिक अरब अस्मिता घडवणाऱ्यांची नावे काढली तरी हेच दिसते. १८६० मध्ये लेबनॉनच्या डोंगराळ भागात आणि दमास्कसमध्ये ख्रिस्त्यांच्या कत्तली झाल्या. दमास्कसमध्ये हजारो ख्रिस्त्यांना स्वतःच्या आश्रयाला घेऊन वाचवणारा मुसलमान होता, फ्रेंचांनी हद्दपार केलेला अल्जीरियाचा अमीर अब्दुल कादिर. आणि त्या रक्तपातानंतर बैरूतमध्ये पत्रके काढून 'आपण एका भूमीची लेकरे आहोत' असे सांगणारा बुत्रुस अल बुस्तानी ख्रिस्ती होता. हा आपल्या जोतीरावांचा समकालीन. १८६३ मध्ये त्याने शाळा काढली, ती सर्व धर्मांच्या मुलांसाठी. पुढे जुर्जी झैदान या बैरूतच्या ख्रिस्ती लेखकाने १८९२ मध्ये कैरोत मासिक काढले, त्याचे नाव 'अल हिलाल', म्हणजे चंद्रकोर! १९२५ मध्ये फ्रेंचांविरुद्ध सीरियात जो उठाव झाला त्याचा नेता सुलतान अल अत्रश द्रूझ होता, आणि घोषणा होती, धर्म ईश्वरासाठी, देश सर्वांसाठी.

या सगळ्यांपेक्षा आम्हाला बगदादची गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये चार माणसांत एक तरी ज्यू होता. इराकचे पहिले अर्थमंत्री सासून एस्केल ज्यू होते. १९३२ मध्ये कैरोत अरब संगीताची मोठी परिषद भरली. इराकतर्फे गायला गेले मुहम्मद अल कुब्बांजी, हे मुसलमान, आणि त्यांच्या साथीला बसलेले वादक जवळजवळ सगळे ज्यू. १९३६ मध्ये इराकी रेडिओ सुरू झाला, तेव्हा त्याचा वाद्यवृंद उभा केला सालेह अल कुवेती यांनी. सालेह आणि त्यांचे बंधू दाऊद हेही ज्यू. त्यांनी बांधलेल्या चाली बगदादच्या कॅफेंत, लग्नांत, घराघरांत वाजत. त्या ऐकताना कोणी वादकाचा धर्म विचारत नव्हते.

मग विचारला गेला. जून १९४१ मध्ये बगदादमध्ये दोन दिवस ज्यूंची घरेदारे लुटली गेली आणि सुमारे १८० माणसे मारली गेली. यात नाझी प्रचाराचा हात होता, पण जमाव तिथलाच होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आपले मित्र म्हणवणाऱ्यांच्या चुका झाकायच्या ही सवय आम्हाला मान्य नाही. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली, लाखो पॅलेस्टिनी अरब घरातून हुसकले गेले, आणि त्याचा राग इराकी सरकारने आपल्याच ज्यू नागरिकांवर काढला. १९५० मध्ये कायदा आला, की जायचे असेल त्याने नागरिकत्व सोडून जावे. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांची मालमत्ता गोठवली गेली. सुमारे एक लाख वीस हजार माणसे विमानांत भरून इस्रायलला गेली. अडीच हजार वर्षांची वस्ती दोन वर्षांत रिकामी झाली.

कुवेती बंधूही गेले. तिकडे तेल अवीवच्या एका गरीब वस्तीच्या बाजारात त्यांनी भांड्यांचे दुकान टाकले. रेडिओच्या अरबी विभागात ते वाजवत, पण युरोपातून आलेल्या सत्ताधारी ज्यूंच्या लेखी अरबी संगीत म्हणजे शत्रूचे संगीत. इकडे इराकमध्ये त्यांच्या चाली वाजतच राहिल्या, फक्त त्यांचे नाव पुसले गेले आणि 'पारंपरिक' असा शिक्का मारला गेला. निर्मात्याचे नाव खोडून निर्मिती गिळंकृत करणे हा प्रकार आमच्या वाचकांना नवा नाही.

इस्रायलमध्ये अरब देशांतून आलेल्या ज्यूंना काय मिळाले? विमानतळावर उतरताच अंगावर डीडीटीची फवारणी, मग तंबूंच्या छावण्या, मग गलिच्छ वस्त्या. धर्म एकच होता, तरी सत्ता, शाळा, नोकऱ्या युरोपीय ज्यूंच्या हाती. कोकणातून गेलेले आपले मराठी बेने इस्रायलही यातून सुटले नाहीत. ते अस्सल ज्यू आहेत की नाहीत, त्यांच्याशी लग्ने लावायची की नाहीत, असा घोळ तिथल्या धर्मपीठाने घातला. त्याविरुद्ध त्यांना रस्त्यावर उतरावे लागले, आणि १९६४ मध्ये कुठे तो प्रश्न मिटला.

१९७१ मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतल्या तरुणांनी संघटना काढली आणि तिचे नाव ठेवले ब्लॅक पँथर्स. बहुतेक मुले मोरोक्कोतून आलेल्या ज्यूंची होती. ज्या घरांत ती राहत ती घरे १९४८ पूर्वी पॅलेस्टिनी अरबांची, त्यांतही ख्रिस्त्यांची. एका अरबाला हुसकून दुसऱ्या अरबाला त्याच्या घरात कोंबायचे आणि दोघांना एकमेकांचे वैरी म्हणून वाढवायचे, असा तो डाव. पंतप्रधान गोल्डा मायर यांनी ही मुले काही चांगली नाहीत असा शेरा मारला. १९७२ मध्ये या पँथर्सनी श्रीमंत वस्तीतल्या दारांवरच्या दुधाच्या बाटल्या उचलून गरिबांच्या मुलांना वाटल्या. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मली. दोघांनीही नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांकडून घेतले होते.

इथे कोणी म्हणेल, की धर्माच्या कप्प्यांतूनच प्रत्येकाला वाटा द्यावा म्हणजे भांडण नको. लेबनॉनने ते करून पाहिले. फ्रेंचांनी सीरिया ताब्यात घेताच त्याचे तुकडे केले, अलवींचे एक, द्रूझांचे एक, ख्रिस्त्यांसाठी मोठे लेबनॉन. १९४३ मध्ये लेबनॉन स्वतंत्र झाले तेव्हा ठरले, की राष्ट्रपती मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि सभापती शिया. हे वाटप १९३२ च्या शिरगणतीवर बेतलेले, आणि त्यानंतर अधिकृत शिरगणती झालीच नाही. १९७५ ते १९९० यादवी युद्ध झाले, तरी कप्पे कायम. वेगवेगळ्या धर्मांच्या तरुण-तरुणीला लग्न करायचे तर आजही सायप्रसला विमानाने जावे लागते, देशात नागरी विवाहाची सोयच नाही. आमच्या राखीव जागांना विरोध करणारे उद्या लेबनॉनचा दाखला देतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. लेबनॉनचा वाटा वंचिताला मिळत नाही, तो त्या त्या पंथाच्या सरदार घराण्यांना मिळतो. शिया मजुराचा मुलगा मजूरच राहतो आणि मारोनी शेतकऱ्याचा शेतकरीच. बाबासाहेबांनी मागितलेले प्रतिनिधित्व आणि हा सरदारांचा समझोता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये बैरूतचे तरुण सर्व पंथांच्या पुढाऱ्यांविरुद्ध एकत्र रस्त्यावर आले. 'सगळे म्हणजे सगळे' जा, एवढीच त्यांची मागणी होती.

मग धर्म सोडून केवळ अरब म्हणून एक व्हावे, हा मार्ग? तोही झाला. बाथ पक्षाच्या संस्थापकांत मिशेल अफ्लाक हे ख्रिस्ती आणि सलाह बितार हे सुन्नी होते. विचार चांगला होता. पण सीरियात १९६२ मध्ये, बाथ सत्तेवर येण्याआधीच, अरबपणाच्या नावाखाली एका दिवसाच्या शिरगणतीत लाखाहून अधिक कुर्दांचे नागरिकत्व हिरावले गेले आणि बाथने ते चालूच ठेवले. इराकमध्ये २००३ पर्यंत आणि सीरियात डिसेंबर २०२४ पर्यंत या पक्षाच्या नावाने घराणी राज्य करीत राहिली. संस्कृतीचा गौरव माणसाच्या हक्काची जागा घेऊ लागला की असेच होते.

१९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचताना बाबासाहेबांनी सुरुवातीलाच मान्य केले होते, की भारतात सांस्कृतिक एकता आहे. ती आहे म्हणूनच जातीचा प्रश्न समजायला कठीण आहे, कारण एकसंध समाजाचेच हे तुकडे पाडलेले आहेत. अरबांच्या एकतेबद्दल वाचताना आम्हाला हा निबंध पुन्हा पुन्हा आठवला, विशेषतः येमेनबद्दल वाचताना.

येमेनमध्ये एक समाज आहे. भाषा अरबी, धर्म इस्लाम, म्हणजे बहुसंख्यांशी दोन्ही बाबतींत तंतोतंत एक. तरी त्यांना अखदाम म्हणतात. खादिमचे हे अनेकवचन, अर्थ नोकर. सना, ताइझ, अदन या शहरांच्या कडेला पत्रे आणि चिंध्यांच्या झोपड्यांत ते राहतात. रस्ते झाडणे, मैला काढणे, चपला सांधणे ही त्यांची कामे. त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार होत नाही. कुत्र्याने तोंड लावलेले भांडे धुवावे, खादिमाने लावलेले फोडावे, अशा अर्थाची म्हण तिथे आहे. मशिदीत एका रांगेत उभे राहणारे हेच लोक लग्नाच्या गोष्टी निघाल्या की कोणीच नसतात. ते स्वतःला अखदाम म्हणवून घेत नाहीत, मुहम्मशीन म्हणतात. या शब्दाचा अर्थ कडेला ढकललेले. 'दलित' या शब्दामागची वेदना ज्याला कळते त्याला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२०११ च्या उठावानंतर येमेनमध्ये राष्ट्रीय संवाद परिषद भरली. प्रतिनिधी ५६५ होते, त्यांत मुहम्मशीनांचा एक. त्या एकाच्या हजेरीत परिषदेने त्यांना सरकारी नोकऱ्यांत दहा टक्के जागा द्याव्यात अशी शिफारस केली. जानेवारी २०१४ मध्ये परिषद संपली. सप्टेंबरमध्ये हूथी बंडखोरांनी सना शहर घेतले आणि मार्च २०१५ पासून सौदी विमाने बाँब टाकू लागली. युद्धात घरे सोडून पळालेल्या मुहम्मशीनांना अनेक ठिकाणी शाळांमध्ये थाटलेल्या निवाऱ्यांतही इतरांनी जवळ येऊ दिले नाही. ते उघड्या शेतात, पुलांखाली राहिले. ती दहा टक्क्यांची शिफारस अजून कागदावर आहे.