पांढरी वाइन : नाशिकचा मळा आणि उपनगरांतील ताट

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या मुंबईच्या उपनगरांत द्राक्षाचे मळे नाहीत. परंतु द्राक्षाचे गिऱ्हाईक मात्र येथे आहे. ज्या बागाइतदाराचा माल वाइनच्या कारखान्यात जातो, त्याने हे गिऱ्हाईक काय खाते हेही जाणून घेतले पाहिजे. घडात गोडी किती व आंबटपणा किती असावा, ह्याचा अखेरचा निवाडा ताटावरच होतो.

जाती व प्रदेश

आपल्याकडे पांढऱ्या वाइनसाठी शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ ह्या दोन जाती प्रामुख्याने लावतात. शेनिन ब्लाँ मूळची फ्रान्समधील लवार नदीच्या खोऱ्यातील. आज तिची सर्वांत अधिक लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. सोव्हिन्यों ब्लाँसाठी फ्रान्सप्रमाणेच न्यूझीलंडही प्रसिद्ध आहे. नाशिक जिल्हा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असून तेथील हिवाळ्यातील रात्री थंड असतात. त्यामुळे मण्यांतील आम्लता टिकून राहते, आणि पांढऱ्या वाइनचा जीव ह्या आम्लतेतच आहे.

चव कशी घडते

पांढऱ्या वाइनसाठी रस काढताच साली वेगळ्या करतात व तो थंड ठेवून आंबवितात. त्यामुळे फळाचा वास उडून जात नाही. शेनिन ब्लाँमध्ये सफरचंद, नासपती, पेरू व मध ह्यांची आठवण देणारा स्वाद असतो. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये लिंबू, हिरवी मिरची व नुकतेच कापलेले गवत ह्यांची. काढणी लांबली तर साखर वाढते, पण आम्लता घटते व वाइन बेचव होते. म्हणून ब्रिक्स व आम्लता दोन्ही तपासूनच, पहाटेच्या गारव्यात, काढणी करावी. शेनिन ब्लाँचा घड घट्ट असतो. आत कूज शिरणार नाही, इतकी हवा मांडवात खेळती ठेवावी.

कशाबरोबर घेतात

तळलेले बोंबील वा पापलेट ह्यांवर जसे आपण लिंबू पिळतो, तेच काम सोव्हिन्यों ब्लाँचा आंबटपणा करतो. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ बेताच्या तिखट कोळंबीशी जुळते, कारण गोडीने तिखटाची धार कमी होते. घाटकोपर-मुलुंडकडील घरांत होणाऱ्या ढोकळ्यासारख्या आंबट-गोड पदार्थाशीही तिचा मेळ बसतो. जाळ तिखट रश्श्यापुढे मात्र दोहोंचा स्वाद लोपतो. उपनगरांतील ईस्ट इंडियन कुटुंबांत नाताळसाठी घरी वाइन करण्याची रीत जुनी आहे. तेव्हा ही चव ह्या भागास अगदीच परकी नव्हे.

लागवडीपूर्वी विचार

येथे एक धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. राज्य शासनाचे द्राक्ष-प्रक्रिया धोरण २००१ साली आले, तेव्हा कारखाने भराभर निघाले व वाइनच्या जातींची लागवड वाढली. पुढे २००८ नंतरच्या मंदीत मागणी घसरली, कारखान्यांनी माल उचलला नाही आणि अनेक शेतकऱ्यांना उभे वेल उपटावे लागले. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान व बियांचा असल्याने तो खाण्याच्या बाजारात खपत नाही. ‘थॉम्सन’प्रमाणे त्याचा बेदाणाही करता येत नाही. कारखान्याने पाठ फिरविली की दुसरा दरवाजाच उरत नाही.

म्हणून ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात :

१. खरेदीचा लेखी करार हाती पडल्याशिवाय खुंट लावू नयेत.
२. दर, ब्रिक्सची मर्यादा, माल उचलण्याची मुदत व पैसे देण्याची तारीख करारात स्पष्ट असावी.
३. सर्व क्षेत्र एकाच जातीखाली आणू नये.
४. परवान्याशिवाय विक्रीसाठी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, हे विसरू नये.

हा लेख पिण्याचा पुरस्कार करण्यासाठी नव्हे. आपल्या मालाचे पुढे काय होते हे ज्यास ठाऊक, तोच शेतकरी सौद्याच्या वेळी ताठ मानेने बोलू शकतो.