ग्रंथींचे निरोप आणि घरची पंगत

मधुमेह हा गादीवर बसून मिष्टान्न झोडणाऱ्या लठ्ठ धनिकांचा रोग, अशी आमची दृढ समजूत होती. परभणी जिल्ह्यांतील बोरी ह्या आमच्या गांवीं शाळेस जन्मभर पायीं गेलों, खाणें बेताचें ठेवलें, आणि वजनाचा कांटा पन्नासाच्या पुढें फारसा कधीं सरकला नाहीं. ह्या कृशतेचा आम्हांस किंचित् अभिमानहि होता. दोन वर्षांपूर्वीं परभणीस डोळे दाखवावयास गेलों असतां डॉक्टरांनीं रक्त तपासविलें, तों उपाशीपोटीं साखर १६८ भरली! १२६ पासून पुढें मधुमेह समजतात. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्त असे दोन प्रकार सांगून पहिल्या प्रकारचा रोगी कृश असतो असें म्हटलें आहे. तें आम्ही तरुणपणींच वाचलें होतें. परंतु वाचलेलें स्वतःस लावून पाहण्याची बुद्धि झाली नव्हती. हा रोग आम्हांस जडला कसा, ह्याचा शोध घेतां घेतां आम्ही शेवटीं धाकट्या सुनेच्या ताटापाशीं येऊन पोंचलों. तीच हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्या शरीरांतील कांहीं ग्रंथि आपला रस नळीवाटें नेमक्या जागीं सोडतात; लाळेच्या ग्रंथि हें त्याचें नित्य परिचयाचें उदाहरण. दुसऱ्या कांहींना नळीच नसते. त्यांचा स्राव सरळ रक्तांत मिसळतो व रक्ताबरोबर देहभर फिरतो. ह्या अंतःस्रावी ग्रंथि. लंडन येथें बेलिस व स्टार्लिंग ह्यांनीं १९०२ सालीं असा एक स्राव प्रथम ओळखला, आणि १९०५ सालीं स्टार्लिंगनें त्यांना 'हार्मोन' हें नांव दिलें. त्याचा मूळ ग्रीक अर्थ चेतविणारा. आपला 'संप्रेरक' हा शब्दहि सम् व प्र हे उपसर्ग लागलेल्या ईर् धातूपासून सिद्ध झाला असून त्याच अर्थाचा आहे.

संप्रेरक स्वतः काम करीत नाहीं. तो निरोप पोंचवितो. गळ्याच्या पुढील बाजूस असलेली अवटु ग्रंथि, म्हणजे थायरॉईड, वजनानें सुमारें २० ग्रॅम. परंतु देहाचा अग्नि किती वेगानें जळावा हें तिच्या स्रावावर ठरतें. तो स्राव उणा पडला कीं माणूस सुस्तावतो, त्यास थंडी सोसत नाहीं, आणि घरचीं माणसें मात्र त्यास आळशी ठरवितात! मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि ह्यांपैकीं कांहींवर लक्ष ठेवून असते. अवटूचा स्राव कमी झाला कीं ती तिला अधिक टोंचते, पुरेसा झाला कीं हात आखडता घेते. अशा रीतीनें देहांत समतोल राहतो.

साखरेचाहि समतोल असाच राखावा लागतो. निरोगी माणसाच्या सुमारें पांच लिटर रक्तांत उपाशीपोटीं साखर असते ती चहाच्या चमचाभर. जेवणानंतर ती वाढूं लागली कीं स्वादुपिंडांतील पेशींचीं लहान लहान बेटें इन्सुलिन सोडतात, आणि 'साखर आंत घ्या' असा निरोप स्नायूंस व मेदास मिळतो. यकृतहि ती सांठवूं लागतें. उपास घडला कीं ग्लुकॅगॉन हा दुसरा निरोप्या यकृतांतील सांठा बाहेर काढवितो. टोरोंटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट ह्यांनीं इन्सुलिन वेगळें काढण्यांत यश मिळविलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें चौदा वर्षांच्या एका मुलास तें प्रथम देण्यांत आलें. त्या मुलाच्या देहांत निरोप धाडणाराच उरला नव्हता. आमच्यासारख्यांचें दुखणें निराळें. येथें निरोप जातो, परंतु ऐकणारे बहिरे झालेले असतात.

कृश देहांत हें बहिरेपण कोठून आलें? ह्याचें उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या संशोधनांत आम्हांस सांपडलें. २००४ सालीं त्यांनीं व लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांनीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत आपलीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या देहांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के! वरून सारखे दिसणारे देह आंतून इतके भिन्न असूं शकतात.

हा भेद जन्मापूर्वींच पडूं लागतो. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा व पुढें त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तेथील अर्भकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो. आपलीं बाळें हाडानें व स्नायूंनीं उणीं, परंतु मेद मात्र त्या मानानें राखून जन्मलेलीं. सुमारें दोन तृतीयांश मातांच्या रक्तांत बी-१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. ज्या मातांच्या रक्तांत बी-१२ कमी व फोलेट अधिक, त्यांचीं मुलें सहा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांच्या देहांत इन्सुलिनविषयींचें बहिरेपण सर्वांत जास्त आढळलें. मधुमेहाचें हेंच एक कारण असें कोणी म्हणत नाहीं. आनुवंशिकता, आहार व व्यायामाचा अभाव हीं आहेतच. तथापि हा धागा दुर्लक्षिण्याजोगा नाहीं.

बी-१२ धान्यांत नाहीं, डाळींत नाहीं, भाजींतहि नाहीं. आपल्यासारख्या शाकाहारी घरांस तें मिळतें मुख्यतः दूधदुभत्यांतून. आतां आपल्या पंगतीकडे पाहा. आधीं पुरुष व मुलें, मग वडील बायका, आणि सर्वांच्या शेवटीं सून. तिच्या पानापर्यंत दह्याचें सट कोरडें झालेलें असतें. आमच्या घरीं हेंच चालत होतें, आणि आम्ही रोज तें पाहूनहि पाहत नव्हतों. धाकट्या सुनेस दिवस गेले तेव्हां आम्ही डॉक्टरांस विनविलें. रक्त तपासलें तों बी-१२ उणें निघालें. फोलेटची गोळी गर्भाच्या हिताची असल्यानें ती बंद करावयाची नाहीं, तिच्या जोडीस बी-१२ द्यावयाचें, असें त्यांनीं सांगितलें. तेवढें दुधानें भरून निघणारें नव्हतें, म्हणून औषध चालू केलें. पण औषध दिलें म्हणून पंगतीचा दोष फिटत नाहीं.

सून पहिल्या पंगतीस बसणार म्हणतांच आमच्या कुटुंबानें आरंभीं कुरकुर केली, सूनहि संकोचली. आम्ही आमचा १६८ चा कागद पुढें ठेवला व म्हटलें, हें आमच्या नातवंडाच्या नशिबीं यावयास नको. आतां तिचें पान पहिलें मांडतात. आम्ही तिच्यामागून बसतों. ताक थोडें पातळ मिळतें, एवढेंच.