महाधमनीची कापलेली टोके

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत शिरते. काठीच्या मुठीसारख्या तिच्या वळणावर ते पीळ घेत, भोवरे करत पुढे जाते. हे सगळे आता संगणकात पाहता येते. सीटी किंवा एमआरआयच्या चित्रांवरून एखाद्या रुग्णाच्या महाधमनीचा आकार उभा करतात, आतल्या पोकळीचे लाखो बारीक तुकडे पाडतात आणि द्रवाच्या प्रवाहाच्या नाव्हिए-स्टोक्स समीकरणांनी प्रत्येक तुकड्यातला वेग व दाब क्षणाक्षणाला काढतात. रक्त भिंतीला किती घासते तेही त्यातून कळते. जिथे हे घासणे मंद आणि उलटसुलट, तिथे चरबीचे थर साचण्याचा धोका जास्त.

पण ही महाधमनी कुठेतरी कापावीच लागते. डोक्याकडे, हातांकडे, पोटाकडे जाणाऱ्या फाट्यांपुढे केसाहून बारीक होत जाणारे रक्तवाहिन्यांचे रान आहे. ते सगळे कोण रेखाटणार? आणि कुठल्या फाट्याला किती रक्त जायचे, हे बरेचसे त्या न रेखाटलेल्या रानातल्या अडथळ्यावरच ठरते. टोके नुसती उघडी सोडली, तर पडद्यावरचे रंगीत चित्र कितीही देखणे असो, ते त्या माणसाचे नव्हे. मला तरी या शास्त्राचा खरा कस इथेच दिसतो.

यावरचा उपाय जुना आहे. घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त आठ फुटांहून वर चढलेले पाहणारे इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली धमन्यांची तुलना आगीच्या बंबाशी केली. हाताने दट्ट्या मारला तरी बंबातून पाणी झटक्याझटक्याने न येता सलग येते, कारण मधल्या भांड्यातली हवा दबते आणि पुन्हा फुगते. धमनीही तशीच: ठोक्याला ताणली जाते, हृदयाची झडप मिटली की आवळून रक्त पुढे ढकलते. जर्मनीच्या ओटो फ्रँक यांनी १८९९ साली याला गणिती रूप दिले.

आज संगणकातल्या महाधमनीच्या कापलेल्या टोकांना बहुधा हेच छोटे समीकरण जोडतात: थोडा अडथळा, थोडी लवचीकता. मग रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब समोर ठेवून, संगणकातला दाब त्याच्याशी जुळेपर्यंत हे आकडे पुन्हापुन्हा बदलत राहतात.